ज्याच्या खांद्यावर ओझं, त्याचा चहा आधी



आजचा विषय ऐकून हसाल. गोल्फ. चिमूरच्या बाईला गोल्फशी काय घेणंदेणं, असं वाटेल. चिमूर म्हटलं की १९४२ च्या ऑगस्टमधला लढा आठवतो, बालाजीची घोडायात्रा आठवते, आणि अलीकडे ताडोब्याचं कोलारा गेट. गोल्फचं मैदान आहे ते मुंबईच्या चेंबूरला. तिथे १९२७ पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. फोनवर पत्ता सांगताना आपल्या चिमूरचं लोक नेहमी चेंबूर करतात, तेवढाच काय तो आपला संबंध.

पण आता आपली मुलं, जावई, पुतणे पुण्या-मुंबईला, बंगलोरला, अमेरिकेत मोठ्या नोकऱ्यांवर आहेत. कंपनीच्या साहेबांबरोबर रविवारी गोल्फ खेळायला जातात. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून गोल्फ खेळले, तेव्हापासून काही घरांत नातवंडांनाही तो नाद लागला आहे. म्हणजे हा खेळ आपल्या घरात शिरला आहे. खेळाबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याच्या मधोमध जो चहापाण्याचा थांबा असतो, त्याबद्दल मात्र मला मत आहे, आणि ते मत शेवटी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. म्हणून थोडं शेवटपर्यंत वाचा.

आधी हा थांबा काय आहे ते सांगते. गोल्फचा पूर्ण डाव १८ होलांचा. सगळं मैदान चालून पूर्ण करायला चार तास, कधी त्याहून जास्त लागतात, आणि सात-आठ किलोमीटर चालणं सहज होतं. १८ हा आकडा स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज गावातून आला. तिथल्या जुन्या मैदानावर एका डावात २२ होल खेळत. १७६४ मध्ये काही होल एकत्र केले आणि ते १८ झाले. ते मैदान समुद्राकाठी लांबट आहे. जाताना एका बाजूने खेळत जायचं आणि दुसऱ्या बाजूने खेळत परत यायचं. त्यामुळे नववा होल झाला की माणूस क्लबच्या इमारतीपासून सगळ्यांत लांब असतो. पोटात भूक, घशाला कोरड, आणि परतीचं अर्धं चालणं बाकी. अशा ठिकाणी एखादी टपरी किंवा खोली असली तर बरं, एवढा साधा त्यामागचा विचार. तिला हाफवे हाउस म्हणतात. पुढे बऱ्याच मैदानांची रचना अशी झाली की नऊ होल संपले की खेळाडू क्लबपाशीच परत येतो, पण मधल्या थांब्याची सवय राहिली ती राहिलीच.

गोल्फचे नियमही हा थांबा मान्य करतात. उगाच वेळ काढला तर खेळाडूला दंड होतो, पण मध्ये खाण्यापिण्यासाठी थोडा वेळ थांबणं हे उगाच वेळ काढणं समजत नाहीत. हे मला आवडलं. भूक लागलेल्या माणसाने पाच-दहा मिनिटं टेकावं, दोन घास खावेत, पाणी प्यावं आणि पुढे जावं, यात गैर काही नाही. चालता चालता तोंडात कोंबण्यापेक्षा एका जागी बसून खाणं केव्हाही चांगलं. आपल्याकडे एकाशन करणारी बाई जाणते की एका जागी बसून शांतपणे खाल्लं की कमी अन्नात भागतं.

आपल्या मुलांनी तिथे काय खावं, हा प्रश्न मला दोघी-तिघींनी विचारला, म्हणून थोडक्यात. तिथे अंड्याचं सँडविच, बटाट्याचे तळलेले काप, कांदा घातलेलं आम्लेट हे सगळं एकाच तव्यावर होतं. तेव्हा डबा घरून द्यावा. दुधात भिजवलेली दशमी, मुरमुऱ्यांचा चिवडा, भाजलेले शेंगदाणे, केळी, खजूर. बॅगेत चेपलं तरी बिघडत नाही. गाळून उकळलेलं पाणी बाटलीत. आणि दुपारी उशिरा डाव सुरू करणार असतील तर थांब्याची वेळ सूर्यास्ताच्या आत येईल असं बघायला सांगावं. एवढं पुरे. खरा मुद्दा पुढे आहे.

गोल्फ खेळणारा माणूस एकटा चालत नसतो. त्याच्या बॅगेत १४ पर्यंत काठ्या असतात, तेवढ्याच ठेवायची मुभा आहे. शिवाय चेंडू, छत्री, बूट, पाण्याच्या बाटल्या. दहा-बारा किलोचं ओझं सहज होतं. आपल्या देशात ते बहुतेक ठिकाणी दुसराच माणूस खांद्यावर घेतो किंवा ढकलगाडीवर ओढतो. त्याला कॅडी म्हणतात. तो फक्त हमाल नसतो. वारा कुठून आहे, कुठली काठी घ्यावी, हिरवळीचा उतार कुठे आहे, हे तोच सांगतो. नियम असा की डाव चालू असताना खेळाडूने सल्ला घ्यायचा तो आपल्या कॅडीचा किंवा जोडीत खेळत असेल तर जोडीदाराचा, दुसऱ्या कुणाला विचारलं तर दंड. कॅडीकडून काही नियमभंग झाला तर त्याचाही दंड खेळाडूलाच बसतो. म्हणजे मैदानावर ही दोन माणसं नियमाने एकच धरली आहेत.

आणि नवव्या होलानंतर ती एकाएकी दोन होतात.

मागच्या हिवाळ्यात मुलाकडे गेले होते, तेव्हा त्याने परवानगी काढून मला एका क्लबात नेलं. नऊ होल मी त्यांच्याबरोबर चालले. चौघे खेळाडू, चौघे कॅडी. थांबा आला. चौघे पंख्याखाली खुर्च्यांवर बसले. टेबलावर चहा आला, टोस्ट आला. कॅडी खोलीच्या मागच्या बाजूला झाडाखाली बॅगा टेकवून उभे राहिले. तिथे एक नळ होता. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "आई, इथली पद्धतच तशी आहे. त्यांची जागा वेगळी असते. आणि शेवटी आपण टिप देतो ना." माझ्या डब्यात दशम्या होत्या. मी उठून त्या चौघांपुढे डबा धरला. त्यातला सगळ्यांत लहान मुलगा, वीस-बावीस वर्षांचा असेल, त्याने दशमीला हात लावण्याआधी माझ्या मुलाकडे पाहिलं, घेऊ का म्हणून. डबा चौघांना पुरण्याएवढा नव्हता, अर्धी अर्धी वाटणीला आली. पण माझ्या मनात राहिली ती त्याची नजर. ज्या माणसाने चार किलोमीटर ओझं वाहिलं, त्याला एका घासासाठी परवानगी लागावी, हे मला बरोबर वाटत नाही.

मुलाला मी दोष देत नाही. मी दोष देते तो पद्धतीला, कारण या पद्धतीला आपल्या धर्मात नाव आहे.

दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय याप्रमाणे आपण तत्त्वार्थसूत्राचं वाचन ऐकतो. उत्तम तपाच्या दिवशी सातवा अध्याय येतो, व्रतांचा. उमास्वामींनी प्रत्येक व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अहिंसा अणुव्रताचे पाच कोणते? बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणं, आणि अन्नपाणी अडवणं. शेवटच्या दोघांना आपण अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध म्हणतो. पाठ सगळ्यांना असतात. पण पहिले तीन ऐकताना आपल्याला वाटतं, हे आपल्या हातून होणं शक्यच नाही, आणि त्या समाधानात चौथा-पाचवा कानावरून निघून जातो. खरं तर आपल्यासारख्या घरात बसून, मुंगीला जपून चालणाऱ्या बायकांच्या हातून होण्यासारखे अतिचार हे शेवटचे दोनच आहेत.

कुणी म्हणेल, टीकाकारांनी इथे गाय-बैलांचं उदाहरण दिलं आहे, हा नियम मुक्या जनावरांसाठी आहे. बरोबर. बैल बोलत नाही, म्हणून मालकाने त्याची तहान ओळखायची. मग ज्याला बोलता येतं पण बोलण्याची सोय नाही, त्याचं काय? आपल्या विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याचे खांदे शेकतात, सजवतात, आणि त्याला आधी पुरणपोळी चारून मग घरातले जेवतात. वर्षातून एक दिवस का होईना, ओझं वाहणाऱ्याचं तोंड आधी गोड, हे आपल्या मातीला माहीत आहे. बैलाला जे कळलं ते माणसाच्या बाबतीत आपण विसरायचं का?

दुसरं म्हणणं टिपचं. "आपण पैसे देतो." मी कॉमर्स शिकले आहे, म्हणून हिशोबानेच सांगते. मजुरी ही कामाची किंमत आहे, ती खात्याच्या एका बाजूला लिहायची. तहान चार तासांच्या मधोमध लागते. दुपारी एक वाजता मिळणाऱ्या पैशाने सकाळी दहाची तहान भागत नाही. आणि खर्च तरी किती? चार चहा, चार प्लेट पोहे. जो माणूस एका सकाळच्या खेळावर हजारो रुपये घालतो, त्याच्या बिलात ही रक्कम कळणारही नाही.

तिसरं म्हणणं जास्त खरं आहे. "ते लोक आपल्याबरोबर बसायला अवघडतात." हे मी मानते. साहेबाच्या शेजारी खुर्ची ओढून चहा पिताना घास गोड लागत नाही. तर बसू दे त्यांना झाडाखाली, आपल्या गप्पा मारत. पण सावलीत बाक असावा, तोच चहा असावा, त्याच वेळी मिळावा, आणि मागावा लागू नये. बरोबरीने बसणं दोघांच्या मनावर आहे. खायला मिळणं मात्र कुणाच्या मनावर असू नये.

या मुलांना कमी लेखण्याचंही कारण नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. एस. एस. पी. चौरसियांचे वडील तिथे मैदानाची हिरवळ राखायचे. मुलगा ते बघत बघत खेळायला शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्याच्या आधी अली शेर, दिल्लीचे कॅडी, यांनी १९९१ मध्ये तीच स्पर्धा जिंकली होती. झाडाखाली बॅग टेकवून उभा असलेला मुलगा कोण आहे, हे आपल्याला माहीत नसतं. अर्थात तो उद्या मोठा होणार म्हणून त्याला चहा द्यायचा, असं नाही. त्याला तहान लागली आहे म्हणून द्यायचा.

आता जरा मैदान सोडून आपल्याकडे येऊ, कारण हा थांबा फक्त गोल्फात नसतो.

श्री सम्मेद शिखरजीची वंदना घ्या. २० तीर्थंकरांची ती निर्वाणभूमी. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर डोंगरावरच्या टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार. मध्यरात्रीनंतर निघायचं, आणि परतताना गंधर्व नाल्यापाशी अल्पोपाहार. उपाशीपोटी २० किलोमीटर चाललेल्या माणसाला तिथला गरम घोट अमृतासारखा लागतो. आपल्यातल्या ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्या डोलीत बसून वंदना करतात. त्यात कमीपणा नाही. पण डोली ठरवताना आपलं वजन विचारलं जातं, तेव्हा लाजून दहा किलो कमी सांगणं म्हणजे अतिभारारोपण, आणि गंधर्व नाल्यावर आपण उतरून चहा घेतो तेव्हा डोलीवाल्यांच्या हातात काय आहे हे न पाहणं म्हणजे अन्नपाननिरोध. वंदनेचं पुण्य ज्यांच्या खांद्यांवरून आपल्यापर्यंत आलं, त्यांनी नाल्यावर काही खाल्लं का, हे उतरल्या उतरल्या विचारायचं.

ताडोब्याचंही तसंच. मंगळवार सोडून रोज पहाटे कोलारा गेटवर पाहुण्यांच्या गाड्या लागतात. आपल्या घरीही नागपूर-पुण्याचे पाहुणे येतात, आपण त्यांना पाठवतो, बरोबर पुऱ्या, चटणी, फराळाचा डबा देतो. गाडीत पाहुणे सहा असतील, तर माणसं आठ असतात. एक चालक, एक गाईड. दोघंही आसपासच्या गावांतले, पहाटे अंधारात घरून निघालेले. डबा भरताना आपण सहाच मोजतो. आठ मोजावेत, एवढंच माझं म्हणणं. जंगलात कुठे उतरायचं, कुठे खायचं याचे नियम ते दोघे जाणतात, ते सांगतील तिथेच डबा उघडायचा. पण उघडला की त्यांना आधी.

या बाबतीत आपल्या भागातल्या धानाच्या बांध्या कुठल्याही क्लबापेक्षा पुढे आहेत. रोवणीच्या दिवसांत पावसात कमरेत वाकून बाया रोप लावतात. दुपारी सगळ्या एकदम धुऱ्यावर येतात, शिदोऱ्या सोडतात, एकीची भाजी दुसरीकडे जाते. मालकिणीने किटलीतून चहा आणला तर तो सगळ्यांना एकदम मिळतो. मालकीणही तिथेच उभी राहून घेते. कुणी उभ्या, कुणी बसलेल्या, पण घोट एकाच वेळी.

आणि शेवटी आपलं घर. इथे मी थोडं स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका.

आपल्याकडे भांडी-धुणं करणारी बाई सकाळी येते. तिची सकाळ चार घरांत वाटलेली असते, आणि आपलं घर त्यातलं बहुतेक दुसरं किंवा तिसरं. म्हणजे तिचा तो नववा होलच. आपण तिला चहा देतो का? पुष्कळजणी देतात. पण कसा? आपला झाल्यावर पातेल्यात उरलेला, पाणी घालून वाढवलेला, कान तुटलेल्या कपात. कप वेगळा का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपलं सोवळं असतं, त्यांच्या घरी काय शिजतं कुणास ठाऊक." भांड्यांची मर्यादा मी समजू शकते. मुनिमहाराजांच्या आहाराचा चौका असतो तेव्हा आपण घरच्या माणसालाही उंबरठ्याबाहेर ठेवतो, तिथे भेद माणसाचा नसतो, शुद्धीचा असतो. पण रोजच्या चहाला ती सबब लावायची असेल तर मग सगळीकडे लावा. मुलाचे ऑफिसातले मित्र येतात, ते काय खातात हे आपण विचारत नाही, आणि चांगल्या सेटमधल्या कपात चहा देतो. तेव्हा तुटका कप शुद्धीसाठी नाही, हे आपल्या मनालाही ठाऊक असतं. वेगळं भांडं ठेवायचंच असेल तर चांगलं स्टीलचं ठेवा. चहा मात्र त्याच पातेल्यातला, त्याच वेळचा.

उन्हाळ्यात आपला समाज चौकात पाणपोई घालतो. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कोण कुठला, काय खातो, हे न विचारता गाळलेलं थंड पाणी आपण देतो आणि आजी-आजोबांच्या नावाने पुण्य जोडतो. दयादत्ति म्हणतात ती हीच. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला जे देतो, ते आपल्या ओट्याशी उभी असलेल्या, नावाने ओळखीच्या बाईला देताना हात का आखडतो, याचा प्रत्येकीने आपापला विचार करावा.

मला यातून मोठी चळवळ करायची नाही. चार गोष्टी सुचवते. मुलगा किंवा जावई गोल्फ खेळत असेल तर त्याला सांगा की थांब्यावर पहिली ऑर्डर कॅडीची द्यायची, आणि क्लबात तशी सोय नसेल तर समितीकडे लेखी मागायची. चार सभासदांनी मागितली की होते. डबा भरताना चालक, गाईड, डोलीवाले मोजून भरायचा. यात्रेची बस ठरवताना चालक आणि क्लीनरच्या जेवणाची वेळ आपल्या वेळापत्रकात लिहायची, "ते बघून घेतील" म्हणायचं नाही. आणि घरी येणाऱ्या बाईचा चहा आपल्या चहाबरोबर ठेवायचा, तिने मागायची वाट न पाहता.

येत्या दशलक्षणात सातव्या दिवशी अध्याय ऐकाल, तेव्हा चौथ्या-पाचव्या अतिचारापाशी जरा थांबा. तुमच्या घरात, तुमच्या यात्रेत ओझं कोण वाहतं आणि तो कधी खातो, हे मला जरूर लिहून कळवा.

जय जिनेंद्र.